बाहेरून ट्रू, आतून तिरकं: एका एअर रायफलच्या बॅरलचं प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सोलापुरात एप्रिलमध्ये दुपारी दोनला पत्र्याच्या शेडखाली लेथवर हात ठेवला तरी चटका बसतो, म्हणून आम्ही बारीक कामं सकाळी उरकून घेतो. आमचं वर्कशॉप अक्कलकोट रोड एमआयडीसीत. पोट चालतं ते मागांच्या सुट्या भागांवर: टॉवेलच्या लूमचे शाफ्ट, बुश, रोलर. अशा सकाळी एक नेमबाजीचे कोच सर आणि त्यांच्याकडे शिकणारी बारावीतली मुलगी आली. चादरीत गुंडाळलेलं लांबट बोचकं टेबलावर ठेवून सर म्हणाले, "रायफल आहे. नवीन बॅरल बसवायचंय. तोंडाला आटे नाहीत, तेवढे पाडून द्या."

तेवढे पाडून द्या. त्या "तेवढे"मध्ये पुढचा दीड महिना होता.

माझा पहिला प्रश्न कायद्याचा होता आणि तो कुणालाही विचारतो. काडतुसाच्या बंदुकीचं बॅरल असेल तर मी हात लावत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि तो माझ्याकडे नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं तो ५० मीटरचा प्रकार. त्यात पॉइंट टूटूची, काडतुसाची रायफल असते. तिचं काम परवानाधारक गनस्मिथकडेच जायला हवं. ही रायफल मात्र १० मीटरची, हवेची, ४.५ मिलिमीटरची. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअरगनचा बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल किंवा ताकद २० ज्यूलच्या वर असेल तर परवाना लागतो. या रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. हिशेब केला तर जेमतेम ८ ज्यूल. मग मी होकार दिला.

आता हे प्रकरण सविस्तर लिहितोय त्याचं कारण सरळ आहे. चूक आमच्याच शेडमध्ये झाली, ती एका दुरुस्तीमागे लपून राहिली, आणि तीन आठवडे तिचं खापर त्या मुलीच्या बोटावर फुटत होतं.

जुन्या बॅरलचं काय झालं होतं

बॅरल बिघडलं होतं ते छर्रे मारून नव्हे. शिशाचा मऊ छर्रा या वेगाने जाऊन पोलादाची काय झीज करणार? बिघडवलं ते साफसफाईने. कुणीतरी पुढच्या तोंडातून पोलादी गज घालून साफ करत होतं, आणि गज दर वेळी तोंडाच्या कडेला घासत होता. बॅरलच्या तोंडाची ही आतली कड, जिला क्राउन म्हणतात, छर्ऱ्याला शेवटचा स्पर्श करते. छर्ऱ्याचा मागचा घेर एका बाजूने आधी सुटला आणि दुसऱ्या बाजूने नंतर, तर त्या एका क्षणात सुटलेली हवा त्याला ढकलते. भिंगाखाली पाहिलं तर सहा वाजल्याच्या जागी कड चपटी झालेली स्पष्ट दिसत होती.

नवीन बॅरल त्याच जातीचं पण दुसऱ्या मॉडेलचं मिळालं. बाहेरून १५ मिलिमीटर, लांबी ४२०, आत बारा खाचा. फरक एवढाच की तोंड सपाट होतं. या रायफलला पुढे जो तुकडा बसतो त्याला दुकानदार मझल ब्रेक म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणत होतो, पण त्याचं काम वेगळं. काडतुसाच्या रायफलचा मझल ब्रेक दारूचा वायू बाजूला वळवून धक्का कमी करतो. हवेच्या रायफलला धक्काच नगण्य. इथे ब्रेकच्या आत एक पोकळी असते आणि पुढे एक भोक. छर्रा भोकातून निघून जातो, त्याच्या पाठोपाठ आलेली हवा मात्र अलीकडेच बाजूच्या खाचांतून फाटते, म्हणजे छर्ऱ्याच्या ढुंगणावर ती थापा मारत नाही. म्हणून याचं खरं नाव एअर स्ट्रिपर. आपण ब्रेकच म्हणू.

या ब्रेकमध्ये दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, त्याचं भोक आणि बॅरलचं भोक एका रेषेत हवं. या ब्रेकचं भोक ५ मिलिमीटरचं, छर्रा साडेचारचा. म्हणजे चहूबाजूंनी मोकळीक पाव मिलिमीटर. आमच्या लाइनीत "सूत" म्हणजे इंचाचा आठवा भाग (सोलापुरात सूत म्हटलं की निम्मे लोक धाग्याचा भाव सांगतील, तो भाग वेगळा). ही मोकळीक सुताच्या बाराव्या हिश्श्याएवढीही नाही. दुसरी गोष्ट, ब्रेक आट्यांवर घट्ट बसून थांबेल तेव्हा बाजूच्या खाचा बरोबर डावी-उजवीकडे यायला हव्यात. इथे तर पुढची साइटही, म्हणजे ज्यातून बघून नेम धरतात ती, ब्रेकच्याच पाठीवर बसते. ब्रेक पाच अंश कलला तर बोअरपासून ४० मिलिमीटर उंचावरची साइट साडेतीन मिलिमीटर बाजूला जाते, आणि नेमबाज ती सरळ दिसावी म्हणून नकळत अख्खी रायफल कलवतो.

आम्ही पहिल्यांदा काय केलं

रायफलचा हवेचा सिलिंडर उतरवला, आत राहिलेली हवा एकदा रिकामा ट्रिगर ओढून सोडली, आणि मगच पाना लावला. दोनशे बारचं सिलिंडर जोडलेलं असताना रायफलीशी खेळू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आटे पाडायचं काम मी ट्रू चकवर घेतलं. ट्रू चक म्हणजे तीन जबड्यांचा, किल्ली फिरवली की तिन्ही जबडे सोबत येतात, जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, आपोआप मधे बसतो. निदान बसायला हवा. बॅरल स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या, भोकातून मागे सरकवलं, पुढे चाळीस-पन्नास मिलिमीटर बाहेर ठेवलं, बाहेरच्या अंगावर डायल, म्हणजे जॉब किती हलतो ते दाखवणारं काट्याचं घड्याळ, लावला. काटा सहा-सात शतांश फिरला (शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग). मागांचा शाफ्ट असता तर मी बघितलंही नसतं. थोडं ठोकून तीन शतांशावर आणलं आणि १२ मिलिमीटर व्यासावर १ मिलिमीटर पिचचे आटे पाडले. सुंदर आटे पडले. ब्रेक लोण्यासारखा चढला.

ब्रेक सरळ येईपर्यंत त्याची मागची कड लेथवर थोडी थोडी फेस करून, म्हणजे सपाट खरवडून, घेतली. पिच १ मिलिमीटर, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला १ मिलिमीटर. दहा अंश पुढे न्यायचं तर पावणेतीन शतांश खायचं. हा हिशेब डोक्यात असला की हे काम सोपं आहे.

मग बॅरल रायफलच्या ॲक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगर आणि हवेचा व्हॉल्व्ह असलेल्या मधल्या भागात, सरकवलं, ते धरणारे बिनडोक्याचे ग्रब स्क्रू आवळले, सर घेऊन गेले. दोन दिवसांनी फोन. "ग्रुप बरा येतोय, छर्रे जवळजवळ पडतायत, पण वेग कमी आहे. एकशे अठ्ठावन्न. आणि प्रत्येक शॉटला वेगळा."

याचं कारण लगेच सापडलं. बॅरलच्या मागच्या भागात खालून एक ३ मिलिमीटरचं भोक असतं, त्यातून हवा आत येते. ते ॲक्शनच्या भोकासमोर बरोबर यायला हवं. बॅरल आवळताना आठ अंश फिरून बसलं होतं. १५ मिलिमीटर व्यासावर आठ अंश म्हणजे परिघावर एक मिलिमीटर. हवेचा एक तृतीयांशाहून जास्त दरवाजा बंदच होता. बॅरल फिरवून भोकं जुळवली, ग्रब स्क्रू आलटून पालटून, अर्धा अर्धा फेरा देत आवळले. वेग १७२ वर आला आणि तिथेच राहिला.

आणि इथे आम्ही माती खाल्ली. बॅरल आठ अंश फिरलं म्हणजे ब्रेकही आठ अंश फिरला. ब्रेक जास्त पुढे गेला होता, तो अलीकडे थांबवायचा होता. आठ अंश म्हणजे २.२ शतांश. एवढ्या पातळ पत्र्याची शिम शेडमध्ये नव्हती. रविवार होता, मुलीला सोमवारी सराव. मी डब्यातली पोळी गुंडाळलेली ॲल्युमिनियम फॉइल कात्रीने गोल कापली, मधे भोक पाडून ब्रेकच्या मागे घातली. दीड शतांशाची फॉइल, एका बाजूला घडी पडून दुहेरी झालेली. ब्रेक सरळ आला. मी स्वतःवर खूश होतो. शेंगा चटणीचा तेलकट डागही त्या फॉइलवर होता, तो आता आठवला की हसू येतं.

आठला गेलेले छर्रे

पुढच्या आठवड्यापासून तक्रार सुरू झाली. दहा मीटरवर दहाचा ठिपका म्हणजे केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा. छर्ऱ्याची कड त्याला टेकली की दहा. मुलगी सरावात सरासरी १०.२ मारणारी (दहाच्या आतही दशांश मोजतात). आता आठ-नऊ छर्रे छान जायचे आणि मग एक ८.६ ला, बहुतेक वेळा डावीकडे खाली. ८.६ म्हणजे केंद्रापासून ६ मिलिमीटर. सहसा तासाभराच्या सरावात असे चार-पाच.

संशय अर्थातच आधी माणसावर गेला. सरांनी ट्रिगर बघितला, श्वास बघितला, बुटांचे बंद बघितले. छर्ऱ्यांचा डबा बदलला, मग दुसऱ्या मापाचे घेतले. मुलगी एकच गोष्ट सांगत होती आणि ती कुणी नीट ऐकत नव्हतं. नेमबाज लोक छर्रा सुटला त्या क्षणी साइट कुठे होती ते स्वतःशी सांगतात, त्याला शॉट कॉल करणं म्हणतात. ती म्हणायची, "सर, मी दहा कॉल केला होता. खरंच दहा होता."

"सगळ्यांनाच तसं वाटतं," सर म्हणाले.

मला हे तीन आठवड्यांनी कळलं. सर दुसऱ्या कामासाठी आले होते, जाता जाता बोलले. मी म्हटलं, रायफल उद्या सकाळी आणा, पोरीला आणू नका. माणूस वगळूनच बघू.

वाईसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, लाकडाचे ठोकळे लावून रायफल धरली. सकाळी सातला, शेडमध्ये पंखा बंद. समोर बरोबर दहा मीटरवर कार्ड. दहा छर्रे मारले. आठ जवळपास एकाच भोकात, एक नवाच्या कडेला, एक साडेआठला. म्हणजे बोटाचा प्रश्न संपला. मग ब्रेक काढून टाकला आणि पुन्हा दहा मारले. एकच भोक, कडेपासून कडेपर्यंत ६.८ मिलिमीटर. साडेचारच्या छर्ऱ्यासाठी हे उत्तम आहे.

ब्रेक पुन्हा लावला. पुन्हा दहा. सातव्या छर्ऱ्याला पुन्हा बाहेर.

मी ब्रेक उलटा धरून पुढच्या भोकात कान कोरायची काडी फिरवली. कापसावर एका बाजूला राखाडी रेघ आली. भिंगातून पाहिलं, भोकाच्या आतल्या कडेला दोन-अडीच वाजल्याच्या जागी शिसं चोपडलेलं होतं, नखाएवढंही नाही, पेन्सिलीने रेघ ओढावी तसं. बाकी सगळा घेर स्वच्छ. छर्रे ब्रेकला घासत होते. सगळेच नाही, काही. उजवीकडे वर घासून डावीकडे खाली जात होते.

मोकळीक कुठे गेली

आता खरं माप. या वेळी डॉग चक घेतला. चार जबडे, प्रत्येक वेगळा फिरतो, जॉब मनाजोगता सरकवता येतो. लावायला वेळ जातो म्हणून घाईत सगळे टाळतात. स्पिंडलच्या मागच्या टोकालाही एक कडं बसवलं, त्यात चार बोल्ट, टोकांना पितळी बटणं, म्हणजे बॅरलचं मागचं टोकही हवं तसं धरता येतं. आणि डायल बाहेरच्या अंगावर नाही, भोकावर. बॅरलच्या तोंडात गेज पिना, म्हणजे अचूक मापाच्या गोल सळ्या, घालून बघितल्या. ४.३४ ची सैल, ४.३५ ची हाताने तेल लावून सरकली, ४.३६ ची जाईना. ४.३५ ची पिन बाहेर ४० मिलिमीटर ठेवली. लिव्हरवाला बारीक डायल, ज्याला आमच्याकडे सगळे पपी डायल म्हणतात, आधी पिनेच्या मुळाशी, मग टोकाला. मुळाशी चूक दिसली की पुढचे जबडे हलवायचे, टोकाला दिसली की मागचे बोल्ट. एक दुरुस्त केलं की दुसरं थोडं बिघडतं. पाऊण तास गेला. शेवटी दोन्ही ठिकाणी काटा अर्ध्या शतांशात थरथरत राहिला.

आता बॅरलचं भोक खऱ्या अर्थाने फिरत्या अक्षावर होतं. आणि बाहेरचं अंग? डोळ्यांनी दिसेल इतपत हलत होतं. कुठल्याही बॅरलचं लांबलचक भोक बाहेरच्या अंगाच्या बरोबर मधे नसतं, हे मी वाचलेलं होतं. बघितलं त्या दिवशी.

मग डायल माझ्याच जुन्या आट्यांवर टेकवला. चौदा शतांश. म्हणजे आट्यांचा अक्ष भोकापासून सात शतांश बाजूला. आट्यांच्या मागच्या पायरीवर, जिथे ब्रेकची कड टेकते, डायल आडवा लावला. चार शतांश. म्हणजे पायरी तिरकी. १५ मिलिमीटरवर चार शतांश तिरकी असेल तर ६० मिलिमीटर पुढे, ब्रेकच्या भोकाशी, ते सोळा शतांश होतं. सात आणि सोळा, तेवीस. मोकळीक पंचवीसची. उरले दोन शतांश. म्हणजे पहिल्या दिवशी छर्रे जात होते ते दोन शतांशाच्या कृपेने.

आणि मग माझी फॉइल. घडीच्या बाजूला दीड शतांश जास्त, १५ वर दीड तर ६० वर सहा. तेवीस आणि सहा एकोणतीस. पंचवीसच्या दारातून जायचं होतं. तिन्ही चुका एकाच बाजूला पडल्या हे नशीब. एकमेकींच्या विरुद्ध पडल्या असत्या तर कदाचित हे प्रकरणच झालं नसतं, आणि मी आजही तसेच आटे पाडत असतो.

पायरी तिरकी का आली, हे मात्र मला कळेना. आटे आणि पायरी एकाच सेटिंगमध्ये झाली होती. मग आमचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, उठले. त्यांनी काहीही न बोलता ट्रू चक परत चढवला, त्यात एक सरळ घासलेला गज धरला, मशीन मंद चालू केलं आणि मला स्पिंडलच्या मागे बोलावलं.

"बघा मालक. मागनं कसं नाचायलंय."

गजाचं मागचं टोक स्पिंडलच्या भोकात दोन मिलिमीटरचा गोल काढत होतं. चकचे जबडे वर्षानुवर्षं तोंडाशीच जॉब धरून धरून पुढे झिजले होते, घंटेच्या तोंडासारखे फाकलेले. ते जॉब एका जागी पकडत होते आणि मागे तो हवा तसा कलत होता. पुढे बाहेर डायल लावला तर चूक तीन शतांश दिसायची, कारण तिथेच आपण ठोकून सरळ केलं. मागे चारशे मिलिमीटरवर एक मिलिमीटर बाजूला. भागून बघितलं, १५ वर चार शतांश तिरकं. पायरीचं माप तंतोतंत जुळलं.

मी मागे जाऊन कधी बघितलंच नव्हतं. शाफ्टला कोण बघतो?

कापायचं नाही

सरांचा पहिला सल्ला सोपा होता: "तोंड दोन सूत कापून टाका, परत आटे पाडा." ते करता येत नव्हतं. चांगल्या बॅरलचा बोअर शेवटच्या वीसेक मिलिमीटरमध्ये किंचित आवळलेला असतो, त्याला चोक म्हणतात. प्रत्येक छर्रा तिथे एकसारख्या मापाचा होऊन बाहेर पडतो. मागून छर्रा घालून काडीने ढकलत आणला तर हाताला कळतं: सगळीकडे एकसारखा जोर, आणि शेवटच्या इंचात एकदम घट्ट. तोंड कापलं की पहिली ही घट्ट जागा जाते. नव्या बॅरलची निम्मी किंमत त्या इंचात आहे.

दुसरा सल्ला मामांचा. ब्रेकचं भोक पाचाचं साडेपाच करा, संपलं. त्याने घासणं थांबलं असतं, पण भोक मोठं म्हणजे छर्ऱ्याबरोबर जास्त हवा पुढे जाणार, मग ब्रेक लावायचा कशाला? तरीही हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता. स्पर्धा दोन दिवसांवर असती तर मी तेच केलं असतं.

आम्ही मधली वाट घेतली. बॅरल डॉग चकमध्ये आहे तसंच ठेवलं, हलवलं नाही. जुने आटे खरवडून ९ मिलिमीटरचा गुळगुळीत खांब केला. ९ मधून साडेचार गेले, प्रत्येक बाजूला भिंत सव्वादोन मिलिमीटर उरली. हवेच्या दाबाला भरपूर. प्रत्येक कट दहा शतांशाचा, तेल सोडत, जेणेकरून जॉब तापून चोक सैल पडू नये. चोकची धास्ती खरी होती. अशा बॅरलचं बाहेरून मटेरियल काढलं की आतलं भोक थोडं उघडू शकतं. काम झाल्यावर छर्रा ढकलून बघितला. घट्टपणा आहे, पण मला आधीपेक्षा एक कणभर कमी वाटला. सरांना नाही वाटला. हा मुद्दा मी उघडाच ठेवतो.

खांबावर पोलादी बुश चढवला, आत ९, बाहेर १३, बेअरिंग बसवायचं जे चिकट द्रव मिळतं ते लावून. इथे मामा आणि माझा छोटा वाद झाला. ते म्हणत होते सकाळी लावा, थंड असताना. मी हिशेब केला: पंधरा अंश फरकाने १५ मिलिमीटरचं पोलाद तीन मायक्रॉन वाढतं. त्याने काय होतंय? पण झालं वेगळंच. अकरा वाजता लावलं, शेड तापलेली, द्रव इतकं पटकन धरलं की बुश शेवटचे दोन मिलिमीटर जाईना. हातोडी लागली. मामा काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले. ते जास्त लागलं.

बुश धरल्यावर, बॅरल अजूनही त्याच चकमध्ये त्याच जागी असताना, त्याच्यावर १२ चे आटे पाडले. मागची पायरी घासून सरळ केली. तोंडाची कड नव्याने तासली, मिलिमीटरचे तीन दशांशच खोल, आणि कापसाचा बोळा कडेवरून ओढून बघितला. कापसाचा एक जरी तंतू अडकला तर बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक कुसळं, शिल्लक आहे. तिसऱ्या वेळी अडकला नाही.

ब्रेक सरळ करणं या वेळी शेवटी केलं, जे पहिल्यांदाच करायला हवं होतं. बॅरलवर हवेच्या भोकाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे रायफलमध्ये जी बाजू वर येते तिथे, सुईने बारीक रेघ मारून घेतली होती. ती आपली माथ्याची खूण. ब्रेक हाताने घट्ट केला, तो खुणेपासून ५२ अंश अलीकडे थांबला. शेवटच्या आवळण्याला १२ अंश सोडले. राहिले ४०. चाळीस भागिले तीनशे साठ, अकरा शतांश. पायरीवरून आधी नऊ खाल्ले, ब्रेक लावून बघितला, मग दोन. फॉइल नाही, शिम नाही, धातूला धातू.

शेवटचं माप घ्यायचं ते थेट ब्रेकच्या पुढच्या भोकात, पपी डायलचं टोक आत घालून. काटा पाच शतांश फिरला. म्हणजे भोक अडीच शतांश बाजूला, पंचवीसपैकी. हे माप पहिल्या दिवशी घेतलं असतं तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं.

त्यानंतर

वाईसमध्ये ब्रेकसकट दहा छर्रे: ६.९ मिलिमीटर. ब्रेकशिवाय ६.८. मला हे पुरेसं आहे. नेम थोडा उजवीकडे सरकला होता, तो सरांनी मागच्या साइटच्या क्लिकवर आणला.

मुलगी जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः आली, हातात सरावाची वही. प्रत्येक शॉटसमोर दोन आकडे: तिने केलेला कॉल आणि मशीनने दिलेला गुण. मी मे महिन्याची पानं उलटली. १०.३ कॉल, ८.६ मिळाले. १०.१ कॉल, ८.९ मिळाले. त्या ओळींखाली लाल पेनाने सरांच्या अक्षरात "ट्रिगर!" असं तीन ठिकाणी लिहिलेलं. ताज्या पानांवर कॉल आणि गुण पॉइंट दोन-तीनच्या फरकाने शेजारी शेजारी चालले होते. "काका, हे सरांना दाखवू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, दाखव, आणि माझं नाव सांग.

तीनशे छर्ऱ्यांनंतर ब्रेकच्या भोकात काडी फिरवली, कापूस पांढरा आला.

पैसे मी दुसऱ्या कामाचे घेतले नाहीत, पहिल्याचे परत केले. ट्रू चकचे जबडे जागेवर ग्राइंड करून घेतले, आता गजाचं मागचं टोक तीन-चार शतांशात राहतं. एक टॉवेल कारखानदार गेल्या दिवाळीपासून म्हणतोय की आमच्या रोलरचे बुश तापतात. मी त्याला तेल नीट घालायला सांगत होतो. त्या चकवरून त्याचे किती रोलर गेले, त्याची यादी काढायला बसलोय.